घरचा सीलिंग फॅन बसवणं आणि त्याचं डुलणं थांबवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंखा डुलायला लागला की माणसं पात्यांकडे बघतात. बघायला हवं त्याच्याही वर, हुकाकडे. खालच्या बहुतेक उत्तरांचा क्रम तोच आहे: आधी हूक, मग रबर आणि बोल्ट, मग रॉड, मग पाती आणि सगळ्यात शेवटी वजन. उत्तरं तीन पात्यांच्या १२०० मिमी पंख्याला धरून दिली आहेत, कारण घरोघरी तोच असतो. बीएलडीसी पंख्याचं (आत स्वतःचं सर्किट असलेला, कमी वीज खाणारा नवा प्रकार) जिथे वेगळं पडतं तिथे तसं लिहिलं आहे.

वायरमनला न बोलावता पंखा स्वतः बसवला तर चालतं का?

जुना पंखा उतरवून त्याच जागी नवा टांगायचा असेल तर चालतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलण्याला परवानाधारक ठेकेदाराच्या अटीतून सूट होती. २०१० च्या केंद्रीय नियमांत ती सूट पुढे चालू राहिली. नवा पॉइंट काढायचा, भिंतीतून वायर ओढायची, बोर्डात भर घालायची म्हटलं की ते काम परवानाधारक माणसाचं.

नियम सोडा, एक व्यवहाराची गोष्ट आहे. पंख्याची मोटर चार-पाच किलोची असते आणि ती डोक्याच्या वर धरून बोल्ट घालायचा असतो. एकट्याने करू नका. शिडीवर एक, खाली एक. आणि शिडी म्हणजे शिडीच. पलंगावर स्टूल आणि स्टुलावर माणूस हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, तो बंद करा.

खालचा स्विच बंद केला की काम सुरू करता येतं ना?

नाही. जुन्या इमारतींत कुणीतरी कधीतरी स्विच फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) टाकून ठेवलेला असतो. स्विच बंद, पंखा बंद, आणि छताजवळच्या वायरीत मात्र करंट जिवंत. त्यामुळे एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा सुरक्षा-स्विच, पाडायचा, किंवा जुना बोर्ड असेल तर फ्यूज काढून खिशात ठेवायचा.

तेवढ्यानेही भागत नाही, घरात इन्व्हर्टर असेल तर. पंखे आणि दिवे यांची लाइन बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर असते. तुम्ही मेन पाडलात की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे पंख्याला वीज पुरवायला लागतो. आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मेन. त्यानंतर टेस्टर लावा. टेस्टर चालू आहे की नाही हे आधी जिवंत प्लगमध्ये घालून बघा, नाहीतर बिघडलेला टेस्टर तुम्हाला खुशाल निर्धास्त करेल.

कोणत्या खोलीला केवढा पंखा लागतो?

दहा बाय दहा ते दहा बाय पंधराच्या खोलीला १२०० मिमी, म्हणजे ४८ इंची. त्याहून मोठ्या खोलीला १४०० मिमी. लांबोडक्या हॉलमध्ये एक मोठा पंखा मध्ये टांगण्यापेक्षा दोन १२०० चे बरे. स्वयंपाकघरात ९०० किंवा ६०० चा पुरतो, आणि गॅसच्या बरोबर वर तर कुठलाच नको. खोक्यावर आयएसआय खूण आणि ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे बघा. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर तारांकन सक्तीचं आहे, त्यामुळे नव्या पंख्यावर ते नसेल तर माल जुना आहे असं समजा.

पंखा जमिनीपासून किती उंच हवा? रॉड केवढा घ्यावा?

पाती जमिनीपासून आठ फुटांवर असली तर उत्तम. साडेसात फुटांच्या खाली तर अजिबात आणू नका. उंच माणूस शर्ट काढताना हात वर करतो, कुणी मूल खांद्यावर घेतं. वरच्या बाजूला पाती आणि छत यांत किमान एक फूट अंतर हवं. पंखा वरची हवा ओढून खाली ढकलतो. छताला चिकटवून बसवलात तर त्याला ओढायला हवाच मिळत नाही.

छत दहा फुटांचं असेल तर पंख्याबरोबर आलेला फूटभर रॉड ठीक. नव्या फ्लॅटमध्ये नऊ फुटांचं छत असतं, तिथे फूटभर रॉडने पाती जेमतेम साडेसात फुटांवर येतात. आखूड रॉड वेगळा मिळतो तो घ्या. जुन्या वाड्यात किंवा बंगल्यात छत बारा-तेरा फुटांवर असेल तर तीन-चार फुटी रॉड लागतो. रॉड तयार विकत घ्यायचा. घरी करवतीने कापून नवीन भोक पाडणं किंवा दोन रॉड वेल्डिंग करून जोडणं यातून पंखा पडल्याच्या घटना घडतात. सगळा भार त्या एका भोकाच्या कडांवर असतो.

अजून एक. पात्याच्या टोकापासून भिंत, कपाट किंवा माळा दोन फूट तरी लांब असू द्या. मुंबईच्या फ्लॅटमध्ये माळ्याची कड नेमकी पंख्याच्या एका बाजूला येते. अशा पंख्याला एका अंगाला हवा मोकळी आणि दुसऱ्या अंगाला अडलेली मिळते. मग पाती तंतोतंत असली तरी पंखा थोडा हलतोच, आणि त्याला वजन लावून काही उपयोग नसतो.

हूक भक्कम आहे की नाही हे कसं ओळखायचं?

स्लॅब ओतताना हूक सळयांना अडकवून आत घातलेला असतो. बहुधा १० ते १२ मिमीची सळई असते. शिडीवर चढून तो हाताने चारही बाजूंना हलवा. जरासुद्धा हलला, बाजूचं प्लास्टर भुगा होऊन पडलं किंवा हुकाच्या वळणावर सळई झिजून बारीक झालेली दिसली, तर त्यावर पंखा टांगू नका. जुना पंखा वर्षानुवर्षं डुलत असेल तर वळणावर खाच पडलेली हमखास सापडते.

शंका वाटली तर हुकातून दोरी ओवून पंचवीस-तीस किलोचं गव्हाचं पोतं जमिनीपासून वीतभर वर टांगून ठेवा, खाली कुणी नको. थोड्या वेळाने उतरवून हूक पुन्हा हलवून बघा. पंख्याच्या वजनाच्या पाच-सहा पट ओढ झाली ही. फिरताना पंखा नुसता लटकत नाही, हिसके देतो, म्हणून एवढी खात्री हवी.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हूक, बोल्ट, पिन सगळंच गंजतं. तिथे दरवर्षी पावसाळा संपला की वरचा कप, म्हणजे हूक झाकणारं रॉडवरचं झाकण, खाली सरकवून आत डोकावा. वरच्या मजल्यावर गच्ची गळत असेल तर स्लॅबमधलं पाणी नेमकं हुकावाटे रॉडवर आणि तिथून मोटरमध्ये उतरतं. पंख्यातून पाणी टपकलं की त्याचा एमसीबी पाडा आणि गळती थांबेपर्यंत पंखा चालू करू नका. वाळला असं वाटलं तरी नको. मोटरच्या आतला ओलावा बाहेरून कळत नाही.

छताला हूकच नाही. मग?

काँक्रीटचा स्लॅब असेल तर हुकाचं तोंड असलेला अँकर फास्टनर ठोकता येतो. हॅमर ड्रिलने भोक पाडायचं, भोकातला भुगा फुंकून साफ करायचा, फास्टनर आत घालून आवळायचा, की त्याची बाही आत फुगून काँक्रीटला धरते. मोजताना प्लास्टरची जाडी सोडून द्या. पकड फक्त काँक्रीटची धरायची. ड्रिल सळईवर आदळलं तर जागा बदला. हे काम मी तरी जाणत्या माणसाकडूनच करून घेईन. पोकळ ठोकळ्यांच्या किंवा फुगलेल्या, पोपडे सुटलेल्या स्लॅबमध्ये फास्टनर टिकत नाही.

कौलारू घरात तुळईला किंवा भक्कम वाशाला गुंडाळून बसणारा लोखंडी क्लॅम्प लोहाराकडून करून घ्या आणि त्याला हूक. लाकडात नुसता स्क्रूचा हूक पिळून पंखा टांगू नका, थरथरून तो हळूहळू बाहेर येतो. पत्र्याच्या घरात आडव्या पाइपाला किंवा अँगलला आरपार बोल्टाने पट्टी बसवायची.

पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. पंखा त्यालाच टांगायचा का?

कधीच नाही. पीओपी किंवा जिप्समचा पत्रा स्वतःचंच वजन कसंबसं पेलतो. पंखा वरच्या स्लॅबच्या हुकालाच, सीलिंगमधून रॉड खाली काढून. लांब रॉड लागेल आणि रॉडच्या भोवती सीलिंगचं भोक सुटं हवं. रॉड कडेला घासला तर सबंध सीलिंग गुणगुणायला लागतं. सीलिंगचं काम सुरू व्हायच्या आधीच रॉड किती लागेल ते मोजून घ्या.

बसवण्याचा क्रम काय?

अर्धी चूक जमिनीवरच होते, म्हणून आधी सगळं चादरीवर मांडा: मोटर, रॉड, दोन कप, शॅकल (रॉड हुकाला अडकवणारी यू आकाराची पट्टी), रबरी रीळ, बोल्ट-नट, स्प्लिट पिना, पाती, स्क्रू. पात्यांना पोचे येतील असं काही त्यांच्यावर ठेवू नका आणि पाती एकमेकांवर भिंतीला टेकवून उभीही करू नका. पाती वाकतात ती बहुधा इथेच.

पंख्याबरोबर आलेली दोन पदरी वायर मोटरच्या कनेक्टरला लावून रॉडमधून ओढून घ्या. मग दोन्ही कप रॉडमध्ये ओवा. खालच्या कपाचं तोंड मोटरकडे, वरच्याचं छताकडे. पंखा टांगून झाल्यावर कप उलटा राहिल्याचं लक्षात येणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे. कप ओवले की रॉड मोटरच्या दांड्यावर बसवा, भोकं एका रेषेत आणा, बोल्ट आरपार घाला, नट आवळा आणि बोल्टच्या टोकातल्या भोकात स्प्लिट पिन घालून तिची दोन्ही टोकं पक्कडीने दोन बाजूंना वळवा.

इथे थांबून एक सांगतो. त्या पिनेची किंमत नगण्य असते, पण नट सैल होऊन निघून गेला तर बोल्टला जागेवर धरणारी तीच असते. वर्षभर थरथरणाऱ्या वस्तूचा नट सुटणारच हे धरून ती दिलेली आहे. खोक्यातून हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीची आणा. पिनेऐवजी तारेचा तुकडा किंवा खिळा घालणाऱ्या वायरमनला तिथेच थांबवा. दोन ठिकाणी पिन लागते: खाली मोटर आणि रॉडच्या बोल्टला, वर शॅकलच्या बोल्टला.

रॉडच्या वरच्या टोकाला शॅकल. त्याच्या वरच्या बोल्टवर रबरी रीळ असतं, ते हुकात बसतं. रिळाची खाच हुकाच्या वळणावर नीट बसली पाहिजे, एका बाजूला चढलेली नको. हे रबर पंख्याची थरथर स्लॅबपर्यंत जाऊ देत नाही. जुन्या पंख्याचं रबर दगडासारखं कडक किंवा चिरलेलं असेल तर नवं घाला.

पाती मोटर वर टांगून झाल्यावर लावा. आधी लावली तर धरायला जागा राहत नाही आणि भिंतीवर आपटून वाकतात. प्रत्येक पात्याचे सगळे स्क्रू आधी हाताने अर्धे घाला आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळत जा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलात की पातं तिरकं बसतं. वॉशर दिलेले असतील तर सगळेच्या सगळे लागले पाहिजेत.

शेवटी छताच्या वायरी जोडा, हिरवी अर्थिंगची वायर पंख्याच्या अर्थिंगच्या स्क्रूला लावा, वरचा कप छतापर्यंत सरकवा पण छताला टेकवू नका. बोटाच्या जाडीएवढी फट ठेवा. टेकलेला कप खडखड करतो आणि पंखा बिघडला असा समज होतो.

फेज आणि न्यूट्रल उलटसुलट लागले तर पंखा उलटा फिरेल का?

नाही. पंखा खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि ती दिशा फेज-न्यूट्रल बदलून बदलत नाही. उलटा फिरतो तेव्हा मोटरच्या तीन वायरींपैकी रनिंग आणि स्टार्टिंग (मोटरच्या दोन वेगळ्या गुंडाळ्यांच्या वायरी) यांची अदलाबदल झालेली असते, म्हणजे कंडेन्सर चुकीच्या गुंडाळीला लागलेला असतो. रिवाइंडिंग करून आणलेल्या पंख्यात हे वरचेवर दिसतं. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे रंगावरून ठरवू नका; खोक्यात किंवा मोटरवर आकृती असते ती बघा.

पंखा फिरतो, पण हळू. किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही.

दहातल्या नऊ वेळा कंडेन्सर. साध्या पंख्यात २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तो उन्हाळ्यागणिक कमजोर होत जातो. तेवढ्याच क्षमतेचा नवा लावा. जास्त वारा मिळावा म्हणून ३.१५ चा लावायची युक्ती दुकानदारच सुचवतात. वेग थोडा वाढतो, मोटर मात्र जास्त तापते आणि लवकर जळते. जुना कंडेन्सर काढताना त्याची टोकं मुठीला रबर असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून घ्या, आत चार्ज उरलेला असतो. कंडेन्सर बदलूनही हळूच फिरत असेल तर रेग्युलेटर किंवा बेअरिंग बघा.

बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालेल का?

चालवू नये. त्या पंख्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, त्याला पूर्ण २३० व्होल्ट हवेत. रेग्युलेटर मध्ये आला की रिमोट नीट चालत नाही, पंखा गुणगुणतो आणि सर्किट जातं. बोर्डातल्या रेग्युलेटरच्या दोन वायरी काढून थेट जोडून घ्यायच्या. फायदा मात्र खरा आहे: जुना पंखा ७५ वॅट घेत असेल आणि हा ३०, तर रोज दहा तासांनी महिन्याला साडेबावीस युनिटऐवजी नऊ युनिट. इन्व्हर्टरची बॅटरीही तेवढी जास्त पुरते.

पंखा डुलतो. कुठून सुरुवात करू?

वरून. एमसीबी पाडा, शिडीवर चढा, वरचा कप खाली सरकवा. हूक हलतो का? रबर जागेवर आहे का? शॅकलचे बोल्ट घट्ट आहेत का? रॉड धरून पंखा हलक्या हाताने झुलवा. तो हुकावर मोकळा झुलला पाहिजे, पण रॉड आणि मोटर यांच्या सांध्यात खडखड नको. त्या सांध्यातला सैलपणा म्हणजे सगळ्या डुलण्याचं मूळ, आणि खालून तो कधीच दिसत नाही. काही पंख्यांत तिथे बोल्टाशिवाय एक आडवा छोटा स्क्रूही असतो, तोही आवळा.

मग पात्यांचे स्क्रू, सगळे, एकेक करून. मग धूळ: पात्याच्या वरच्या कडेला साठलेला थर तिन्ही पात्यांवर सारखा कधीच नसतो. पुसून घ्या आणि पंखा चालवून बघा. माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त पंखे इथेच शहाणे होतात.

अजूनही डुलतोच आहे.

आता पात्यांची उंची मोजायची. पंखा बंद ठेवून एका पात्याचं टोक एका ठरावीक जागी आणा आणि छतापासून त्याचं अंतर पट्टीने मोजा. शिडी न हलवता पंखा हाताने फिरवून दुसरं पातं त्याच जागी आणा, मग तिसरं. जागा एकच ठेवायची म्हणजे छताला उतार असला तरी बिघडत नाही. तिन्ही मापांत पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर एखादं पातं वाकलेलं आहे. त्याचा धातूचा हात मोटरजवळ धरून अगदी हलका दाब देऊन वर किंवा खाली आणा. मधे वाकवू नका, पात्याचा पीळ बिघडतो.

दुसरं माप टोकापासून टोकापर्यंतचं. १२०० मिमी पंख्यात शेजारच्या दोन पात्यांच्या टोकांमधलं सरळ अंतर साधारण १०४ सेंटिमीटर येतं. आकडा महत्त्वाचा नाही, तिन्ही अंतरं सारखी आहेत की नाही ते महत्त्वाचं. एखादं अंतर सेंटिमीटरभर कमी-जास्त असेल तर त्या पात्याचे स्क्रू सैल करून, पातं सरकवून पुन्हा आवळा.

दिवाळीच्या सफाईनंतर डुलायला लागलेल्या पंख्यांचं दुखणं बहुधा या दोन मापांत सापडतं. पातं एका हाताने न धरता दुसऱ्या हाताने ओल्या फडक्याने जोर लावून पुसलं की त्याचा हात थोडा खाली जातोच.

पात्यांची अदलाबदल केली तर डुलणं थांबेल का?

चार पात्यांच्या पंख्यात थांबू शकतं, कारण दोन जड पाती समोरासमोर आणता येतात. तीन पात्यांत मात्र वजनाचा फरक अदलाबदलीने जात नाही. तिन्ही पाती एकमेकांपासून सारख्याच कोनात असल्यामुळे कोणतं कुठे लावलं तरी असमतोल तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. अदलाबदलीने फरक पडलाच तर दोष पात्यांच्या जोडीला मोटरच्या बाजूलाही आहे असं समजा.

दुसऱ्या पंख्याचं पातं आणून लावू नका, तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा असला तरीही. पाती कारखान्यात वजनाने जुळवून संच करून देतात. एक पातं वाकलं तर पूर्ण संच मागा.

नाणं चिकटवून समतोल साधतात म्हणे. खरंच होतं का?

होतं, पण वरचं सगळं करून झाल्यावर. मिनिटाला ३५० फेरे घेणाऱ्या १२०० मिमी पंख्यात पात्याच्या टोकाशी असलेला एक ग्रॅम बाहेरच्या दिशेने सुमारे ऐंशी ग्रॅम वजनाएवढा ओढतो. म्हणजे तीन-चार ग्रॅमचं रुपयाचं नाणं पाव किलोपेक्षा जास्त ओढ निर्माण करतं. म्हणून एवढ्याशा नाण्याने फरक दिसतो, आणि म्हणूनच चुकीच्या पात्यावर लावलं तर पंखा आणखी पिसाळतो.

पंखा बंद करून एका पात्याच्या वरच्या बाजूला, मध्यावर, नाणं टेपने घट्ट चिकटवा. पूर्ण वेगात चालवून लांबून बघा. मग बंद करून तेच नाणं दुसऱ्या पात्यावर, मग तिसऱ्यावर. ज्या पात्यावर डुलणं सगळ्यात कमी झालं ते हलकं. आता त्याच पात्यावर नाणं टोकाकडे किंवा मोटरकडे सरकवून बघा. दोन पात्यांवर सारखाच फायदा दिसला तर दोन्हींवर थोडं थोडं वजन लागतं. पंखा पूर्ण थांबायच्या आत हात लावायचा नाही, कितीही कंटाळा आला तरी.

योग्य जागा सापडली की नाणं काढा. तिथे चिकटणारं वजन लावा किंवा नाण्याच्या वजनाएवढं एम-सील थापून रात्रभर वाळू द्या. नाणं तसंच ठेवायचं नाही, कारण उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि पात्याचं टोक ताशी जवळजवळ ऐंशी किलोमीटरने फिरत असतं. ते नाणं कुणाच्या डोळ्याच्या दिशेने सुटेल याचा नेम नाही.

पंखा बंद करताना शेवटी शेवटी डुलतो, एरवी नाही. काळजी करायची का?

नाही. फूटभर रॉडवर टांगलेला पंखा लंबकासारखा झुलतो आणि त्या झोक्याला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. थांबत आलेल्या पंख्याचा वेग मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांवर आला की तो या झोक्याशी जुळतो आणि पंखा क्षणभर डुलतो. चालू करतानाही तसंच. पूर्ण वेगात मात्र रॉड बोटभर इकडे-तिकडे जात असेल, कप छतावर आपटत असेल किंवा डुलणं काल नव्हतं आणि आज अचानक आलं असेल, तर पंखा तिथेच बंद करा. अचानक आलेलं डुलणं म्हणजे काहीतरी सुटलेलं आहे.

आवाजावरून बिघाड ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. प्रत्येक फेरीला एकदा टक्‌ होत असेल तर पात्याचा स्क्रू. सततची घरघर, जी बंद केल्यावरही पंखा फिरेपर्यंत येते, ती बेअरिंगची. सीलिंग फॅनमध्ये बहुधा ६२०१ किंवा ६२०२ नंबरचं असतं, पण मोटर उघडावी लागते म्हणून ती दुकानात न्या. कमी वेगावर हुम्म असा आवाज आणि पूर्ण वेगावर शांत, तर दोष रेग्युलेटरचा. फिरत्या बटणाचा स्वस्त डिमर काढून पायऱ्यांचा, कंडेन्सरवाला रेग्युलेटर बसवा.

पंख्याच्या हुकालाच बाळाचा पाळणा बांधला तर?

पंखा काढून, हूक वर सांगितल्याप्रमाणे तपासून फक्त पाळणा बांधणार असाल तर गोष्ट वेगळी. पंखा आणि पाळणा दोन्ही एका हुकाला, किंवा पंख्याच्या रॉडला पाळण्याची दोरी, हे चालणार नाही. पाळण्याचा झोका शॅकलच्या बोल्टला आडवे हिसके देतो, ज्यासाठी तो बनवलेलाच नाही, आणि बाळाच्या बरोबर वर चार-पाच किलोची मोटर असते. जुन्या घरात झोपाळ्याच्या कड्या असतात, पाळणा तिथे बांधा. नसतील तर स्टँडचा पाळणा आणा आणि तो पंख्याच्या खालून थोडा बाजूला ठेवा.